जुनी लेन्स अवश्य वापरा. पण कॅमेऱ्यावर असता मिटू नका

आपल्या समाजातील कित्येक घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर, चामड्याच्या जीर्ण पिशवीत, वडिलांचा अथवा आजोबांचा एखादा कॅमेरा विसावलेला आढळतो. मुंबई, ठाणे, पनवेल वा अलिबाग सोडून इस्राएलात येताना सामानाला मर्यादा होती. पितळेची भांडी मागे राहिली, लाकडी पेटारे विकले गेले. कॅमेरा मात्र हातातल्या पिशवीतून आला. पुढे रोल महाग झाले, ते धुऊन देणारी दुकाने एकेक करून बंद झाली आणि कॅमेरा शोभेची वस्तू होऊन बसला. आता नातवंडांच्या हाती आरसा नसलेले, लेन्स बदलता येणारे डिजिटल कॅमेरे आले आहेत. अ‍ॅडाप्टर नावाचे धातूचे एक साधे कडे मध्ये बसविले, की साठ-सत्तर वर्षांपूर्वीची लेन्स या नव्या कॅमेऱ्यावर बसते व उत्तम काम देते.

ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु या जुन्या लेन्सपैकी काही लेन्स मिटणाऱ्या असतात. म्हणजे काम झाले, की त्यांची नळी कॅमेऱ्याच्या पोटात ढकलून देता येते. त्यांच्याबाबत दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, अशी लेन्स नव्या कॅमेऱ्याजवळ आणूच नये. कोणी म्हणतात, मिटण्यासाठीच ती घडविली आहे, मग मिटायला भीती कसली? प्रस्तुत लेखकाचे मत या दोहोंहून निराळे आहे व ते आरंभीच सांगून टाकतो. लेन्स अवश्य वापरावी. परंतु ती नव्या कॅमेऱ्यावर बसलेली असताना कधीही मिटू नये. हे मत पुस्तके चाळून बनलेले नाही. त्याची किंमत मी मोजली आहे.

माझ्या वडिलांनी १९४८ साली मुंबईत, विलायतेस परत निघालेल्या एका साहेबाकडून जुना लायका कॅमेरा विकत घेतला. त्यावर ५० मिलिमीटरची एल्मार लेन्स होती. रेल्वेतल्या कारकुनाच्या पगारात ही चैनच होती आणि आईने त्यांना त्याबद्दल पुष्कळ ऐकविले होते. फोटो काढून झाला, की बाबा लेन्सची नळी किंचित उलट फिरवीत, तळहाताने हळूच आत सारीत आणि मगच कॅमेरा पिशवीत ठेवीत. छत्री मिटावी तशी ती लेन्स मिटे. आम्हां भावंडांना कॅमेऱ्यास हात लावण्याची परवानगी नव्हती. पण ही लेन्स मिटण्याचे काम ते कधीकधी आमच्याकडे देत. तो मोठा मान वाटे. १९६९ साली आम्ही येथे आलो. बाबांच्या मागे कॅमेरा माझ्याकडे आला.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नातीच्या मेहंदीच्या रात्री माझ्या नातवाने आपल्या नव्या कॅमेऱ्यावर ती एल्मार बसविली व माझ्या हाती देऊन म्हणाला, “आजोबा, पणजोबांच्या लेन्सने पहिला फोटो तुम्हीच काढा.” मी काढला. पडद्यावर नवरीचा चेहरा आणि तिचे ओल्या मेहंदीचे हात उमटलेले पाहून माझे डोळे भरून आले. आणि मग काही विचार न करता माझ्या हातांनी तेच केले, जे ते लहानपणापासून करीत आले होते. नळी उलट फिरवली व आत ढकलली. मध्येच काहीतरी अडल्यासारखे लागले. जुनी वस्तू, घट्ट झाली असेल, असे समजून मी थोडा जोर दिला. नातू धावत आला. “आजोबा, हे काय केलंत?” शटरची चौकट दबली होती व पाती तिच्यात अडकून बसली होती. त्या रात्रीचे पुढचे सारे फोटो फोनवर काढावे लागले. लेन्सला ओरखडाही आला नव्हता.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता, लेन्सचा नव्हता, कडे विकणाऱ्याचाही नव्हता. दोष माझा होता. दुरुस्तीचे पैसे मी दिले. पण नातीच्या त्या रात्रीचे न निघालेले फोटो पैशाने परत येत नाहीत. असा प्रसंग दुसऱ्या घरी येऊ नये, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

मिटणारी लेन्स मुळात का झाली, हे समजले तर पुढील गोष्ट सोपी होईल. जर्मनीतील वेट्झलार येथे लाइट्झ यांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक या कारागिराने १९१३-१४ च्या सुमारास सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा एक चिमुकला कॅमेरा तयार केला. १९२५ साली तो लायका या नावाने बाजारात आला. कॅमेरा कोटाच्या खिशात मावला पाहिजे, हा त्यामागील हेतू होता. म्हणून माक्स बेरेक यांनी आखलेली लेन्स एका नळीत बसवून ती आत सरकेल अशी योजना केली गेली. पुढे १९३० नंतर लेन्स बदलता येऊ लागल्या. एल्मारच्या पाठोपाठ सुमार, सुमिटार आणि १९५३ साली आलेली सुमिक्रॉन यांनीही हीच मिटण्याची सोय घेतली. सोव्हिएत संघातील फेड व झोर्की हे कॅमेरे लायकाच्या धर्तीवर बनले. त्यांच्या इंडस्टार लेन्सपैकी काही मिटणाऱ्या होत्या. सोव्हिएत संघातून येथे आलेल्या आपल्या शेजाऱ्यांपैकी अनेकांनी असे कॅमेरे बरोबर आणले, त्यामुळे जुन्या बाजारात त्या लेन्स आजही दिसतात.

जर्मन वस्तू घरात वापरावी की नाही, असा प्रश्न पूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांपुढेही आला असेल. त्यांच्या माहितीसाठी एवढे नमूद करणे उचित वाटते, की या कारखान्याचे मालक दुसरे अर्न्स्ट लाइट्झ यांनी १९३३ नंतर आपल्या यहुदी कामगारांना व त्यांच्या कुटुंबीयांना देशाबाहेर जाण्यास साह्य केले. त्यांची कन्या एल्सी क्यून-लाइट्झ हिला एका यहुदी स्त्रीस स्वित्झर्लंडकडे निसटण्यास मदत केल्याबद्दल १९४३ साली गेस्टापोने अटक केली होती.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. प्रत्येक कॅमेऱ्यात, लेन्स जेथे बसते त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर ठरलेले असते. लायकाच्या आटे असलेल्या जुन्या बैठकीत हे अंतर २८.८ मिलिमीटर आहे. १९५४ साली आलेल्या एम बैठकीत ते २७.८ आहे. आजच्या कॅमेऱ्यांत ते बरेच कमी असते: सोनीच्या ई बैठकीत १८, फुजीच्या एक्स बैठकीत १७.७, कॅननच्या आरएफ बैठकीत २० आणि निकॉनच्या झेड बैठकीत १६ मिलिमीटर. उरलेले अंतर अ‍ॅडाप्टर भरून काढतो. सोनीवर आट्याची लेन्स बसविण्याचा अ‍ॅडाप्टर १०.८ मिलिमीटर जाडीचा असतो, तो याच कारणासाठी. १८ आणि १०.८ मिळून पुन्हा २८.८ होतात व फोकस बरोबर जुळतो.

येथे चाणाक्ष वाचक विचारील, की अंतर जर तेवढेच राहिले, तर जुन्या कॅमेऱ्यात मिटणारी नळी नव्यात का मिटू नये? प्रश्न रास्त आहे आणि पुष्कळांची फसगत येथेच होते. अंतर तेवढेच असले, तरी त्या अंतरात काय काय मांडले आहे, ते निराळे आहे. जुन्या लायकाच्या पोटात पडद्यापर्यंत एक मोकळी खोली होती व ती या नळीसाठीच राखलेली होती. नव्या कॅमेऱ्याच्या पोटात प्रकाशाचे परावर्तन थोपविणारी आयताकृती चौकट असते. तिच्यामागे शटरची अतिशय पातळ पाती असतात आणि त्यांच्यामागे काचेच्या आवरणाखाली सेन्सर असतो. म्हणजे सेन्सरपर्यंतचे १८ मिलिमीटर हे काही मोकळे १८ मिलिमीटर नव्हेत.

शिवाय रुंदीचाही प्रश्न आहे. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात आतील खिडकी सुमारे २४ बाय १६ मिलिमीटरची असते. गोल नळी तिच्यातून आत जाऊच शकत नाही. ती चौकटीच्या काठावर आपटते. माझ्या हातून नेमके हेच घडले. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात खिडकी मोठी असते, म्हणून तेथे एखादी नळी आत जातेही. परंतु त्या कॅमेऱ्यांपैकी कित्येकांत हाताचा कंप सावरण्यासाठी सेन्सर स्वतः हलतो व तो नाजूक आधारावर तोललेला असतो. त्यात बऱ्याच कॅमेऱ्यांत शटर एरवी उघडेच असते. नळी पुढे गेली, तर तिच्या वाटेत कापडी पडदा नसून सेन्सरवरील काच असते.

हा धोका डिजिटल युगाने जन्माला घातला, असेही नाही. लायकाच्याच १९७१ सालच्या एम-५ आणि १९७३ सालच्या सीएल या फिल्मच्या कॅमेऱ्यांत प्रकाशमापकाची एक दांडी शटरच्या पुढे येऊन उभी राहते. त्यांवर मिटणारी लेन्स मिटली, तर नळी त्या दांडीवर आदळते. तेव्हाही जाणकार मंडळी नळीभोवती प्लास्टिकच्या जाड पट्टीचा वेढा देत, म्हणजे ती ठराविक मर्यादेपलीकडे आत जात नसे. पुढे कंपनीने आपल्या एम-९ या डिजिटल कॅमेऱ्याच्या सूचनापुस्तिकेत स्पष्ट छापले, की मिटणाऱ्या लेन्स नळी बाहेर काढूनच वापराव्यात, कॅमेऱ्यावर असता आत ढकलू नयेत. अपवाद केला तो ९० मिलिमीटरच्या मॅक्रो-एल्मारचा, कारण तिची नळी मिटली तरी कॅमेऱ्याच्या पोटात शिरत नाही. ज्या घराण्यात या लेन्स जन्मल्या, तेथीलच वडीलधारे असे सांगत असतील, तर आपण त्यांच्याहून शहाणे ठरण्याचे कारण नाही.

“माझ्या मित्राच्या कॅमेऱ्यावर मी रोज मिटतो, काही होत नाही,” असे सांगणारे भेटतात. ते खोटे बोलत नाहीत. पण लेन्स, अ‍ॅडाप्टर आणि कॅमेरा या तिघांची ती एक विशिष्ट जोडणी असते. त्यांपैकी एक बदलला, की जुना अनुभव निरुपयोगी ठरतो. एल्मारची नळी जेथे सुटली, तेथे जाड नळीची सुमिटार सुटेल असे नाही. एका कॅमेऱ्यावर जमले, म्हणून धाकट्या भावाच्या कॅमेऱ्यावर जमेल असेही नाही. आणि लाभ तरी कोणता? कॅमेऱ्याची जाडी बोटभर कमी होते, इतकेच. नव्या कॅमेऱ्याच्या मुठीमुळे तो तसाही खिशात मावत नाही. बोटभर जागेसाठी शटर आणि सेन्सर पणास लावणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींना माझे सांगणे असे, की कपाटात ठेवल्याने लेन्स सुरक्षित राहत नाही. बंद, अंधाऱ्या, दमट जागी भिंगांवर बुरशी धरते. कोकणात वर्षे काढलेल्या लेन्समध्ये ती बहुधा आधीच असते. न फिरविल्याने आतील ग्रीस घट्ट होते. शिवाय वस्तू वापरात नसली, की ती कशी वापरावी याचे ज्ञानही एका पिढीत नष्ट होते. लेन्स उजेडात आणावी, हेच तिच्या हिताचे.

ती वापरताना पुढील गोष्टी पाळाव्यात, अशी विनंती आहे. प्रथम लेन्स हातात घेऊन, कॅमेऱ्यापासून दूर, विजेरीच्या उजेडात तपासावी. आत जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, दुधासारखा थर दिसला तर ते धुके. दोन्ही कुशल कारागिराकडून साफ करून घ्यावीत. घरी तेल घालू नये. ते झिरपून छिद्राच्या पात्यांवर येते. जुन्या सुमारची पुढील काच तर इतकी मऊ असते, की धोतराच्या सोग्याने पुसली तरी तिच्यावर ओरखडे उठावेत.

मग नळी पूर्ण बाहेर ओढावी व घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून ती जागेवर घट्ट बसली ना, ते पाहावे. नळी डुगडुगता कामा नये. अर्धवट बाहेर आलेली नळी दोन प्रकारे घात करते. एक म्हणजे सारेच चित्र अस्पष्ट येते. दुसरे असे, की कॅमेरा पाठीवर ठेवला असता वरून धक्का बसला, तर न अडकविलेली नळी आपोआप आत सरकू शकते. माझ्यासारखा विसरभोळा माणूस नसला, तरी अपघात होतो तो असा.

लेन्सवर अ‍ॅडाप्टर आधी चढवावा आणि मग दोन्ही मिळून कॅमेऱ्यावर बसवावीत. कॅमेरा त्या वेळी बंद असावा. पुष्कळ कॅमेऱ्यांत अनोळखी लेन्स असता शटर चालत नाही. लेन्सविना शटर चालू देण्याची सूचना यादीतून शोधून सुरू करावी लागते. फोकस हाताने करावा. पडद्यावर चित्र मोठे करून पाहिले, की तो अचूक साधतो. लहान सेन्सरवर ५० मिलिमीटरची लेन्स साधारण ७५ मिलिमीटरच्या लेन्सइतकेच दृश्य दाखविते; म्हणून माणसांच्या चेहऱ्यांसाठी ती उत्तम, पण अरुंद खोलीत सारे कुटुंब एका फोटोत घेण्यास गैरसोयीची, हे ध्यानात ठेवावे.

काढतानाचा क्रम सर्वांत महत्त्वाचा. कॅमेरा बंद करावा. लेन्स नळीला धरून नव्हे, तर बुडाच्या कड्याला धरून अ‍ॅडाप्टरसह उतरवावी. कॅमेऱ्याचे तोंड झाकणाने बंद करावे. त्यानंतरच, लेन्स हातात असताना, नळी मिटावयाची असेल तर मिटावी. याला आणखी एक कारण आहे. नळी आत-बाहेर करताना ती पंपासारखी हवा ओढते व ढकलते. आपल्या येथे खमसीनचे वारे सुटले, की हवेत किती धूळ असते, हे बेर-शेवा वा दिमोना येथील वाचकांस सांगावयास नको. ती धूळ सेन्सरवर जाऊ देऊ नये.

उन्हाविषयीही दोन शब्द. जुन्या कॅमेऱ्याच्या कापडी पडद्याला उघड्या लेन्समधून आलेले ऊन जाळून भोक पाडते. नव्या कॅमेऱ्यात तेच ऊन थेट सेन्सरवर पडू शकते. फोटो काढून झाला, की झाकण लावावे व कॅमेरा बंद मोटारीत तापत ठेवू नये. युद्धापूर्वीच्या लेन्सवर परावर्तन रोखणारा लेप नसतो, म्हणून समोरून ऊन आले तर चित्रावर पांढुरका पडदा येतो. त्यासाठी पुढे एक छोटे हूड लावावे. एवढे केले, तर ती जुनी लेन्स चेहऱ्याचा जो मऊपणा देते, तो आजच्या पुष्कळ महागड्या लेन्समध्ये सापडत नाही. तीक्ष्णतेत नव्या लेन्स सरस आहेत, हे मात्र प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

सावधगिरीचे हे सारे नियम पाठ करण्यापेक्षा एक सोपा उपाय अधिक भरवशाचा आहे, कारण नियम डोक्यात राहतात आणि चूक हातांकडून होते. वर सांगितलेली जाड पट्टी बाहेर आलेल्या नळीभोवती गुंडाळून ठेवावी. मग हात विसरला, तरी नळी आत जाणार नाही. पट्टी किती रुंद हवी, हे लेन्स व अ‍ॅडाप्टर हातात घेऊन पाहावे: नळी पट्टीपर्यंत ढकलली असता अ‍ॅडाप्टरच्या मागील कडेपलीकडे काहीही येता कामा नये. ही परीक्षा कॅमेऱ्यावर करू नये. आणि मिटणारी नसली, तरी जिचे मागील भिंग फार आत जाते, अशी लेन्सही याच कसोटीवर तपासावी. सोव्हिएत बनावटीची ज्युपिटर-१२ ही ३५ मिलिमीटरची लेन्स त्यासाठी प्रसिद्धच आहे.

आपण मुलांना जुन्या वस्तू देतो, तेव्हा त्यांच्याबरोबर आपल्या हातांच्या सवयीही देतो. त्यांपैकी कोणती सवय पुढे चालवावी आणि कोणती येथेच थांबवावी, हे सांगणे वडीलधाऱ्यांचे काम आहे. बाबांची ती नळी आत सारण्याची लकब त्यांच्या कॅमेऱ्यासाठी योग्य होती. नातवाच्या कॅमेऱ्यासाठी ती योग्य नाही, हे मी त्याला आधी सांगावयास हवे होते. उलट त्यालाच ते माझ्यामुळे कळले.

आता एल्मारच्या नळीवर काळी पट्टी आहे. डबीत मी एक चिठ्ठी ठेवली आहे: “कॅमेऱ्यावर असता नळी आत ढकलू नये.” नातवाला मराठी बोललेले समजते, वाचता येत नाही; म्हणून त्याने खाली तेच वाक्य हिब्रूत लिहून घेतले. गेल्या शब्बाथनंतर त्याने त्याच लेन्सने माझा फोटो काढला आणि मग लेन्स उतरवून, कॅमेऱ्याला झाकण लावून, माझ्या हाती दिली व म्हणाला, “आता मिटा, आजोबा.”